तिसरी वेसण

आमच्या भागात हरळी हे गवताचं नाव कमी आणि शिवी जास्त. एखादा माणूस काही केल्या पिच्छा सोडत नसला की त्याला हरळी म्हणायचं. वरून खुरपली तर आठवड्यात परत हिरवी, खणून काढली तर मुळीचा तुकडा मागं राहतोच, आणि उपटून बांधावर टाकली तर बांध धरून शेजाऱ्याच्या वावरात. माझ्या आजोबांची पाठ हरळी खणण्यात वाकली आणि वडिलांचीही त्याच वाटेवर होती. अशा मुलखात मी एक माणूस असा पाहिला, की ज्यानं घरापुढं मुद्दाम हरळी लावली, तिला झारीनं पाणी घातलं आणि तिच्यात कोंबडी शिरली की शिट्टी वाजवून तिला बाहेर काढलं. ते माझे साताऱ्याचे घरमालक. पलटणीतून पेन्शनीत निघालेले सुभेदार. सारी गल्ली त्यांना सुभेदारच म्हणायची, मीही तेच म्हणतो.

सांगलीच्या कॉलेजातून मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि साताऱ्याच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. खोली बघायला गेलो तेव्हा सुभेदार ओसरीवर ताठ बसून दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी मला विचारलं, "शिक्षण?"

"बी.ए.," मी म्हणालो. हा शब्द मी तेव्हा जरा मोठ्यानंच उच्चारत असे, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी अंगठेच उठवले होते.

"बीए म्हंजे पलटणीत कुठं बसतंय?"

"पलटणीत नाही बसत. शाळेत बसतं."

"तसं चालत न्हाई. माणसाला रँक पायजे." त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवून विचार केला. "जमादाराच्या वर, सुभेदाराच्या खाली. सलाम तू आदी करायचास. खोली मागल्या अंगाला हाय."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर माझ्या डिगरीची इतकी नेमकी जागा तोवर कुणी ठरवून दिली नव्हती. मी सलाम केला. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बीए' झालो, आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा, 'मास्तर'.

सुभेदारांच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून धरावं कळत नाही. ते भाकरी चाकूनं कापून खात. घरातल्या मांजरीला त्यांनी लान्सनाईक केलं होतं आणि तिला पिल्लं झाली तेव्हा बढती देऊन नाईक केलं. "झालं" हा शब्द त्यांना खपत नसे. काकींनी आतून "सैपाक झाला" म्हटलं की बाहेरून आवाज यायचा, "झाला म्हणू नगंस. दाव." आणि काहीही बिघडलं, म्हणजे दूध उतू गेलं, एस.टी. यायच्या आधीच्या त्या खाजगी सर्व्हिस मोटारींतली एखादी बोगद्यापाशी बंद पडली, किंवा अवेळी पाऊस आला, तरी त्यांचा निकाल एकच असे: "हुकूम बराबर हाय. अंमल कच्चा हाय." पावसाच्या बाबतीत हुकूम कुणाचा, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी फक्त वर बघितलं.

साहेब लोक सातारा सोडून जायला लागले तेव्हा कॅम्पातल्या एका बंगल्यावर सामानाचा लिलाव झाला. लोकांनी पलंग घेतले, आरसे घेतले, कुणी वेताच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन घरी गेलं. सुभेदार परत आले ते गवत कापायचं यंत्र ढकलत. पेट्रोलवर चालणारं, पुढं लोखंडी पात्यांचा रूळ, मागं दोन लांब मुठी, मध्ये लहानसं इंजिन. गल्लीतली सगळी पोरं मागं. काकी दारात आल्या, यंत्राकडं पाहिलं, मग अंगणाकडं पाहिलं. अंगणात माती होती आणि कोपऱ्यात थोडा पुदिना.

"आवं, पर गवत कुठाय?"

"लावायचं."

आणि ते लावायचं काम माझ्यावर आलं. दिवाळीला मी गावी निघालो तर हुकूम सुटला, येताना पोतंभर हरळी आण, मुळ्यांसकट. मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते खुरपं हातात धरून कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिले.

"कुनाच्या वावरात टाकाय न्हेतोस?" ते हळूच म्हणाले. "लय वैर हाय का?"

"घरमालकाला हवीय. अंगणात लावणार आहेत."

"शिकून ह्ये कळालं व्हय तुला," ते म्हणाले, पण पोतं त्यांनीच दाबून भरून दिलं. आपल्या रानातली हरळी कुणी मागून नेतंय हे त्यांच्या उभ्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. मोटारीत कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "मास्तर, काय हाय ह्यात?" खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "औषधी वनस्पती."

होळीपर्यंत अंगण हिरवंगार झालं. हरळीला काय, ती कुणी लावत नाही तरी येते, इथं तर तिला सुभेदार स्वतः पाणी घालत होते. पेट्रोल तेव्हा रेशनवर. त्यांच्याच पलटणीतला एक जण सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होता, तो कधीमधी बाटलीभर आणून द्यायचा. यंत्र सुरू करायला एक सुटी दोरी होती. तिच्या एका टोकाला लाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला गाठ. इंजिनाच्या चाकाला एक खाच होती, तीत ती गाठ अडकवायची, दोरीचे वेढे चाकावर गुंडाळायचे आणि सगळं अंग मागं टाकून हिसका द्यायचा. दोरी सुटून हातात येई आणि इंजिन फडफडत जागं होई.

पहिल्यांदा गवत कापलं त्या दिवशी सुभेदारांनी यंत्र मध्येच बंद केलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं छातीत दुखतंय.

"बीए," ते म्हणाले, "वास आला का?"

कापलेल्या हरळीचा ओला, गोडसर वास सुटला होता. मग त्यांनी सांगितलं. गेल्या लढाईत मांडीला गोळी लागून ते इटलीत इस्पितळात पडले होते. खिडकीबाहेर एक गोरा शिपाई असंच यंत्र फिरवत असे. "डोळं मिटलं की वाटायचं, गोठ्यात हाय. बैल रवंथ करत्यात, दादा वैरण तोडतोय. त्या वासावर जगलो बघ मी." थोडं थांबून ते म्हणाले, "आन् घरी आलो, ते बैलच इकला."

बाकीचं काकींकडून कळलं. दादा म्हणजे सुभेदारांचे थोरले भाऊ. कराडच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी त्यांचं गाव. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. जमीन दादांकडंच कसायला राहिली, पण बैलांच्या जोडीतला एक बैल सुभेदारांच्या वाटणीला आला. एका गोठ्यात वाढलेली, एका जुवाखाली चाललेली ती जोडी. सुभेदारांना साताऱ्यात घर बांधायचं होतं. त्यांनी आपला बैल बाजारात विकला आणि त्या पैशानं विटा आणल्या. दादांना उरलेल्या बैलाला परका जोडीदार आणावा लागला. त्या दिवसापासून दादांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. घराच्या वास्तुशांतीलाही ते आले नाहीत.

"दर बेंदराला ह्ये फाटकापाशी धुतलेला सदरा घालून बसत्यात," काकी म्हणाल्या. "इचारलं तर म्हनत्यात, हवा खातोय."

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी बैलांना काम नाही, चाबूक नाही. त्यांना धुवायचं, शिंगं रंगवायची, जुनी वेसण काढून नाकात नवी घालायची आणि पुरणपोळीचा घास द्यायचा. तोवर माझ्या मनात आलं नव्हतं, की दारात बैल नसलेल्या शेतकऱ्याला तो दिवस कसा जात असेल.

आणि बेंदराच्या आधी महिनाभर यंत्राची दोरी तुटली.

मग सुभेदारांचे जे प्रयोग सुरू झाले ते गल्लीला अजून आठवत असतील. वाळत घालायची दोरी लावली, ती पहिल्याच हिसक्याला तुटली आणि सुभेदार पुदिन्यात बसले. विहिरीच्या पोहऱ्याचा दोर आणला, तर त्याची गाठ खाचेत शिरेना. काथ्याच्या सुंभानं हात सोलले. बारीक दोरी तुटायची, जाड दोरी बसायची नाही. शेवटी त्यांनी आपला जुना पटका फाडून पीळ घातला. त्यानं इंजिन सुरू झालं, पण पटका सुटून यायच्या ऐवजी चाकात गुरफटला आणि यंत्र सुभेदारांचा पटका बांधून अंगणभर फिरलं. काकी पदर तोंडात धरून आत गेल्या. सुभेदार बोडक्यानं उभे होते. "हुकूम बराबर हाय," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्या दिवशी त्यांनी गिळलं.

मी शेतकऱ्याचा पोर. अशा कामाला काय लागतं हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं. बारीक, घट्ट पिळाची आणि हाताला मऊ दोरी म्हणजे बैलाची वेसण. बैलाचं नाक कापू नये म्हणून ती तशीच वळतात. मी म्हणालो, "सुभेदार, अंबाडीचा वाख आणा. मी वळून देतो वेसण."

"बीए झालास ते दोर वळाय?"

"मग तुम्ही वळा. तुम्हाला येते की."

"दारात बैल न्हाई," ते म्हणाले. "माझ्या हातानं येसण वळायची न्हाई आता." आणि उठून मांजरीवर उगाच शिट्टी वाजवली.

त्याच आठवड्यात त्यांच्या गावची एक बाई कोर्टाच्या कामाला साताऱ्यात आली होती, ती काकींना भेटायला आली. निघताना काकी तिला म्हणाल्या, "गावात गेलीस की थोरल्यांच्या कानावर घाल. म्हणावं, धाकट्यानं दारात हरळी लावलीय आन् तिला पानी घालतोय."

बाई गेल्यावर मी काकींना म्हटलं, "हे कशाला सांगितलंत? आणखी चिडतील."

"चिडू द्यात की," त्या म्हणाल्या. "बैल इकल्यावर आलं न्हाईत. हरळी ऐकून घरी बसायचं न्हाईत."

बेंदराच्या सकाळी उठून पाहतो तर सुभेदारांनी यंत्र अंगणात काढलेलं. बादल्यांनी पाणी ओतून, रिठ्याच्या फेसानं, काथ्यानं घासून ते त्याला आंघोळ घालत होते. मी ओरडलो, "इंजिनात पाणी जाईल!"

"सणाच्या दिशी पारोसं ठेवू व्हय?" ते म्हणाले आणि आणखी एक बादली ओतली. मग दोन्ही मुठींना, बैलाच्या शिंगांना लावतात तसा, हिंगूळ लावला, वर लोकरीचे गोंडे बांधले. काकींनी ओवाळलं आणि पुरणपोळीचा तुकडा पात्यांपुढं ठेवला. दोघांपैकी कुणीही हसत नव्हतं, म्हणून मीही हसलो नाही.

दुपार कलल्यावर फाटकाशी एक उंच म्हातारा उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. सुभेदार ओसरीवरून उठले आणि अटेन्शनमध्ये उभे राहिले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तो हरळीकडं बघत होता.

"मास्तर का तुमी?" त्यानं मला विचारलं. "ह्ये कुणी लावलं?"

"सुभेदारांनी."

"आनलं कुठनं?"

"मी आणलं. गावाकडनं."

"तुमी शिकल्यालं न्हवं?"

"बी.ए."

"मग बराबर हाय," दादा म्हणाले.

काकी पुढं झाल्या, पाया पडल्या. "दादा, आत या."

"न्हाई. त्या घराच्या भितीत माझा बैल हाय. त्येच्यावर पाय द्याचा न्हाई मला." आणि दादा तिथंच अंगणात बसले. जन्मभर ज्या गवताशी भांडले त्या हरळीवर मांडी घालून बसले आणि बसल्या बसल्या सवयीनं एक काडी उपटली.

"बीए, सांग त्येला," सुभेदार ओसरीवरून म्हणाले, "मऊ हाय का बघ म्हणावं."

"मास्तर, सांगा त्येला," दादा म्हणाले, "बाच्या हाडाची काडं झाली ही खणून. त्यो असता तर काठी घातली असती टाळक्यात."

दोघांत पाच-सात पावलांचं अंतर आणि मी मधलं तारायंत्र. मी म्हणालो, "मी काही सांगणार नाही. दोघांना ऐकू येतंय." कॉलेजात मी वादविवादात भाग घेत असे, पण माझं एवढं कामाचं वाक्य दुसरं मला आठवत नाही.

दादांची नजर यंत्राकडं गेली. रंगवलेल्या मुठी, गोंडे, पुढ्यातली पुरणपोळी.

"ह्ये काय नटवलंय?"

"आमचा बैल हाय त्यो," काकी म्हणाल्या.

दादा उठले, यंत्राभोवती फिरले. जनावर बघतात तसं त्यांनी वाकून त्याला पुढून, मागून पाहिलं. मग म्हणाले, "बेंदूर हाय आन् येसण कुठाय ह्येला?"

दादांनी घोंगड्याच्या खोळीत हात घातला आणि एक वेसण काढली. नवीकोरी, पिवळसर, तूप लावून मऊ केलेली.

"दोन वळायला बसतो," ते मला म्हणाले, पण आवाज माझ्यासाठी नव्हता. "दोन बैलांच्या दोन. हात थांबत न्हाई, तिसरी वळून व्हती. गेल्या बेंदरालाबी झाली. नाक न्हाई तर घालू कुठं? ठेवली तुळईला अडकवून."

सुभेदार ओसरी उतरून आले. त्यांनी वेसण घेतली, बोटांतून एकदा पूर्ण फिरवली आणि टोकाला गाठ मारली. गाठ खाचेत अशी बसली की जणू खाच तिच्यासाठीच कोरली होती. वेढे दिले. अंग मागं टाकून हिसका दिला. वेसण सरसर सुटून हातात आली.

इंजिन ढिम्म.

परत वेढे, परत हिसका. आंघोळीचं पाणी आपलं काम करून बसलं होतं. सुभेदारांचा सदरा घामानं भिजला. चेहरा असा झाला की मला बघवेना. भावानं दिलेली वेसण, आणि बैल उठत नाही.

"सर तिकडं," दादा एकदम म्हणाले. किती बेंदरांनी तो सरळ धाकट्याशी बोललेला पहिला शब्द. "नुस्ता हिसकतोस काय? खांद्यानं वढ, खांद्यानं. लहानपणापास्नं सांगतोय."

"मी काय खांद्यानं वढत न्हाई व्हय? मांडीत गोळी हाय माझ्या, दादा."

"मग खांद्याला काय झालंय?"

आणि मग दोघं आळीपाळीनं ओढू लागले, एकमेकांना शिव्या देत, एकमेकांचे वेढे चुकीचे ठरवत. यंत्र काही उठलं नाही, पण वेसणही तुटली नाही. एवढ्यात भुरभुर सुरू झाली.

"भिजतंय, भिजतंय," दादा ओरडले. "धर तिकडनं."

एकीकडून दादांनी, दुसरीकडून सुभेदारांनी यंत्र उचललं आणि पायऱ्या चढून, ओसरी ओलांडून, थेट माजघरात नेऊन ठेवलं. दारात भिजणारा बैल गोठ्यात घ्यावा तसं. मी तोंड उघडणार तोच काकींनी ओठावर बोट ठेवलं. दादा माजघराच्या मधोमध उभे राहून धोतराच्या सोग्यानं इंजिन पुसत होते. आपण कुठं उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी भिंतीकडं पाहिलं. मग हळूच जाऊन तिच्यावर, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, तळवा टेकवला. पाट मांडला होता, त्यावर जाऊन बसले.

"जेवाण झालं," काकी म्हणाल्या.

"झालं म्हणू नगंस—" सुभेदारांनी सुरुवात केली.

"दाव," दादांनी पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. सुभेदारांनी इंजिनाचा प्लग काढून चुलीपाशी शेकला, पुसून परत बसवला. यंत्र अंगणात आणलं. वेढे दादांनी दिले, हिसका सुभेदारांनी दिला, खांद्यानं. पहिल्याच ओढीला ते फडफडून उठलं. दादांनी नांगर धरावा तशा मुठी धरल्या आणि चालू लागले. अंगणाच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि वाट पाहिली. यंत्र आपण होऊन वळणार नाही हे कळेपर्यंत पुदिना गेला होता.

"हुकूम बराबर हाय," सुभेदार मागून ओरडले, "अंमल कच्चा हाय!" ते इतके हसत होते की त्यांना ओसरीच्या खांबाला धरावं लागलं. वास अंगणभर सुटला होता. या खेपेला डोळे मिटायची त्यांना गरज पडली नाही.

दादांनी कापलेली हरळी एक काडीही वाया जाऊ दिली नाही. काकींकडून पोतं मागून दाबून भरलं. मोटारीवर त्यांना पोचवायला आम्ही दोघं गेलो. कंडक्टर तोच. पोत्याला पाय लावून त्यानं विचारलं, "म्हाताऱ्या, काय हाय ह्यात?"

मी दुसरीकडं बघितलं. दादांनी नाही.

"वैरण हाय," सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं ते म्हणाले. "पाय काढ. धाकट्याच्या रानातली हाय."